१९५६ सालचा भारत: घटना आणि निधनांच्या नोंदी कोणत्या तारखेला लावायच्या?

फलकलेखक

वाचनालयासाठी ‘भारत १९५६’ असं भित्तिप्रदर्शन तयार होतंय. महिन्याला एक याप्रमाणे १२ फलक. प्रत्येक फलकावर घटनांच्या जास्तीत जास्त ६ नोंदी आणि खालच्या पट्टीत त्या महिन्यातली निधनं. एका नोंदीला २५ ते ३० शब्द. कच्ची यादी झाली आहे, पण काही ठिकाणी गाडं अडलंय.

आयुर्विमा महामंडळ जानेवारीत घालायचं, जूनमध्ये की सप्टेंबरमध्ये? तिन्ही महिन्यांच्या तारखा छापलेल्या सापडतात. लालबहादूर शास्त्रींचा राजीनामा नेमका कोणत्या अपघातानंतरचा? संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे १०५, १०६ की १०७, आणि हा आकडा कोणत्या फलकावर? ‘अप्सरा’ अणुभट्टी ऑगस्ट १९५६ की जानेवारी १९५७? निधनांच्या यादीत डॉ. आंबेडकर, गाडगे महाराज आणि मर्ढेकर ही नावं पक्की आहेत. आणखी कोण राहिलंय?

वाचक जुने आणि चोखंदळ आहेत. एक तारीख चुकली तरी वहीत शेरा येतो.

राजपत्र वाचक

एकाच घटनेला चार-चार तारखा असतात, सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. घोषणा किंवा अध्यादेश, संसदेची मंजुरी, राष्ट्रपतींची संमती आणि प्रत्यक्ष अंमल. कायद्याच्या शीर्षकाखाली छापलेली तारीख संमतीची असते. अंमलाची तारीख पहिल्या कलमात किंवा नंतरच्या अधिसूचनेत सापडते. बहुतेक संकलक शीर्षकाखालचीच उचलतात आणि फसतात. तुम्ही आधी एक नियम ठरवा आणि तो बाराही फलकांना लावा. माझं मत असं की लोकांच्या आयुष्यात फरक पडला त्या दिवसाला, म्हणजे अंमलाच्या तारखेला, मुख्य नोंद द्यावी आणि आधीचे टप्पे त्याच नोंदीत अर्ध्या वाक्यात उरकावेत.

आयुर्विम्याला हा नियम लावून बघा. १९ जानेवारी १९५६ ला अध्यादेश निघाला आणि कंपन्यांचा कारभार सरकारने हाती घेतला. कायदा जूनमध्ये झाला, १ जुलैपासून लागू झाला, आणि महामंडळ उभं राहिलं १ सप्टेंबरला. भारतीय, परदेशी विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था त्यात आल्या. इथे मात्र मी दोन नोंदी करीन: जानेवारीत ‘विमा कंपन्यांचा ताबा’, सप्टेंबरमध्ये ‘महामंडळाची स्थापना’. दोन्हीकडे ‘राष्ट्रीयीकरण’ हा एकच शब्द वापरलात तर एकच गोष्ट दोनदा झाली असं वाचणाऱ्याला वाटेल.

राज्य पुनर्रचना कायद्याला संमती ३१ ऑगस्टची, अंमल १ नोव्हेंबरचा. सातवी घटनादुरुस्तीही १ नोव्हेंबरलाच लागू झाली. तिने राज्यांचे अ, ब, क हे वर्ग आणि राजप्रमुख (ब वर्ग राज्याचा प्रमुख) हे पद मोडीत काढलं. १४ राज्यं आणि ६ केंद्रशासित प्रदेश हा आकडा त्या दिवसापासूनचा आहे. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १६ राज्यं सुचवली होती. तो आकडा चुकून निकालाच्या जागी छापला जातो, तेवढं बघा.

कंपनी कायदा १ एप्रिलला लागू झाला, संमती जानेवारीची. हिंदू वारसा कायद्यात सुदैवाने असा घोळ नाही, १७ जून हीच तारीख दोन्हीकडे चालते. औद्योगिक धोरणाचा ठराव ३० एप्रिलचा. तो कायदा नव्हे, ठराव आहे, त्यामुळे एकच तारीख.

‘अप्सरा’चंही असंच दोन टप्प्यांचं आहे. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याला अणुभट्टीत शृंखला अभिक्रिया सुरू झाली. नामकरण आणि उद्घाटनाचा समारंभ नेहरूंच्या हस्ते २० जानेवारी १९५७ ला झाला. तुमच्या फलकावर ऑगस्ट. पण फलकावर लावायला नेहरूंचं समारंभातलं छायाचित्र घेतलंत तर ते पुढच्या वर्षीचं आहे, हे खाली लिहावं लागेल.

आणि एक सापळा पुद्दुचेरीचा. कारभार भारताकडे आला १ नोव्हेंबर १९५४ ला, हस्तांतरणाचा करार झाला २८ मे १९५६ ला, आणि फ्रान्सकडून त्याला मान्यता मिळून कायदेशीर विलीनीकरण झालं १९६२ मध्ये. मेच्या फलकावर ‘करारावर सह्या’ एवढंच लिहा. ‘पुद्दुचेरी भारतात सामील’ लिहिलंत की वहीत शेरा आलाच समजा. जम्मू-काश्मीरच्या घटनेलाही हेच लागू: स्वीकार १७ नोव्हेंबर १९५६, पूर्ण अंमल २६ जानेवारी १९५७.

दशमान नाण्यांना मात्र या वर्षात जागाच नाही. कायदा १९५५चा, नाणी चलनात आली १ एप्रिल १९५७ ला. १९५६ भर आणे-पैच चालले. कुठल्याही नोंदीत किंमत लिहाल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

पान उलटा

शास्त्रींचं उत्तर: अरियालूर. पण नोंद तेवढीच ठेवली तर अर्धी राहते.

२ सप्टेंबरला हैदराबाद राज्यात महबूबनगरजवळ पूल कोसळून पहिला मोठा अपघात झाला. शास्त्रींनी राजीनामा देऊ केला, नेहरूंनी तो घेतला नाही. २३ नोव्हेंबरला मद्रास राज्यात अरियालूरजवळ पुरात पूल खचला आणि तुतिकोरीन एक्स्प्रेस नदीत गेली. त्यानंतरचा राजीनामा मंजूर झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रेल्वे खातं जगजीवनराम यांच्याकडे गेलं. दोन्ही अपघातांत शंभराहून जास्त माणसं दगावली. नेमके आकडे ठिकठिकाणी वेगळे मिळतात, कारण पहिल्या दिवशीच्या बातमीतला आकडा आणि नंतर सापडलेले मृतदेह धरून झालेला आकडा एक नसतो. ३० शब्दांत ‘शंभराहून अधिक’ हेच प्रामाणिक.

नमुना देतो: ‘२३ नोव्हेंबर: मद्रास राज्यात अरियालूरजवळ पुरात पूल खचून रेल्वे अपघात, शंभराहून अधिक मृत. सप्टेंबरमधल्या महबूबनगर अपघातानंतर नाकारला गेलेला रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांचा राजीनामा या वेळी मात्र मंजूर.’ मोजा, मर्यादेत बसतं.

आता निधनं. तुमच्या यादीत फेब्रुवारी रिकामा दिसतोय, आणि त्या वर्षी सगळ्यात जड महिना तोच. १६ तारखेला दिल्लीत मेघनाद साहा गेले. शास्त्रज्ञ म्हणून सगळे ओळखतात, पण मृत्यूसमयी ते लोकसभेचे सदस्य होते, हेही लिहा. १९ ला आचार्य नरेंद्र देव. २७ ला अहमदाबादला गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, पदावर असतानाच. त्यांच्या जागी अनंतशयनम अय्यंगार ८ मार्चला निवडले गेले, ती नोंद मार्चच्या फलकाला मिळते. मार्चमध्ये २० तारखेला मर्ढेकर, तेही दिल्लीत.

साहांच्या बाबतीत एक गंमत सांगण्यासारखी आहे. राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते, आणि ती दिनदर्शिका लागू झाली २२ मार्च १९५७ ला. म्हणजे १९५६च्या सरकारी कागदावर राष्ट्रीय शकाची तारीख नसते. कुणी ‘मूळ राजपत्रातली शक तारीख’ म्हणून काही पाठवलं तर ते नंतर कुणीतरी मागे मोजून लिहिलेलं आहे.

सगळ्यांच्या यादीतून हमखास सुटणारं नाव म्हणजे रविशंकर शुक्ल. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री, निधन ३१ डिसेंबर १९५६. वर्षाचा आढावा डिसेंबरच्या मध्यावर लिहून होतो आणि ३१ची बातमी १ जानेवारीच्या अंकात येते. त्यामुळे असा माणूस धड या वर्षात नाही, धड पुढच्या वर्षात नाही, अशा फटीत पडतो. कुठल्याही वर्षाची यादी करताना पुढच्या जानेवारीचे पहिले तीन-चार अंक चाळायचेच, आणि त्याच न्यायाने चालू वर्षाच्या १ जानेवारीच्या अंकातली निधनं मागच्या वर्षात ढकलायची.

वयाबद्दलही सांभाळा. डॉ. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१. निधनसमयी ६५ पूर्ण होऊन ६६वं चालू होतं. ‘वयाच्या ६५व्या वर्षी’ असं आपण सवयीने लिहितो आणि एक वर्ष खातो. मर्ढेकर १ डिसेंबर १९०९चे, म्हणजे ४६ पूर्ण. पट्टीत सरळ कंसात ‘वय ४६’ असं पूर्ण झालेलं वय द्या. वादच मिटतो.

फलकलेखक

शुक्ल खरंच सुटले होते. फेब्रुवारीची पट्टी आता भरली. दोन शंका उरल्या. ६ डिसेंबरच्या नोंदीत ‘५ डिसेंबरच्या रात्री’ असं काही ठिकाणी दिसतं, त्याचं काय करायचं? आणि धम्मदीक्षेच्या फलकावर ‘नागपूर, महाराष्ट्र’ लिहिलं तर चालेल ना?

जुना नकाशा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: अजिबात चालणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर मध्य प्रदेशात होतं, नुसतं होतं असं नाही, तर त्या राज्याची राजधानी होतं. १ नोव्हेंबरला विदर्भाचे ८ जिल्हे द्विभाषिक (मराठी-गुजराती) मुंबई राज्यात आले आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली. महाराष्ट्र राज्य १ मे १९६०चं. तेव्हा ऑक्टोबरच्या फलकावर ‘नागपूर (तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी)’ असं लिहा. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूरला झालेल्या दीक्षा समारंभालाही तेच लागू. त्या वेळी जिल्ह्याचं नाव चांदा.

या वर्षात १ नोव्हेंबर ही रेघच आहे. प्रत्येक नोंद तिच्या अलीकडची की पलीकडची, हे बघूनच राज्याचं नाव घालायचं. २१ जुलैला रात्री नऊच्या सुमारास अंजारला भूकंप झाला, तेव्हा कच्छ हे वेगळं ‘क’ वर्ग राज्य होतं. नोव्हेंबरपासून तेच अंजार मुंबई राज्यात. महबूबनगरचा अपघात हैदराबाद राज्यातला, पण तीन महिन्यांनी लिहिलेल्या मजकुरात ते आंध्र प्रदेशात दिसेल. गाडगे महाराज २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगावला गेले, तेव्हा अमरावती मुंबई राज्यात आलं होतं. दोन महिने आधी ते मध्य प्रदेशात होतं.

नोव्हेंबरच्या फलकावर नकाशा लावणार असाल तर मुंबई राज्याच्या कडा नीट काढा. आत आले: सौराष्ट्र, कच्छ, मराठवाड्याचे ५ जिल्हे, विदर्भाचे ८. बाहेर गेले: विजापूर, धारवाड, उत्तर कानडा आणि चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा, हे सगळं म्हैसूर राज्याकडे, आणि अबू रोड तालुका राजस्थानकडे. हमखास चुका तीन: चंदगडही म्हैसूरला देऊन टाकणं, म्हैसूरच्या जागी ‘कर्नाटक’ छापणं (ते नाव १ नोव्हेंबर १९७३ पासून), आणि गोवा भारताच्या रंगात रंगवणं. दादरा-नगर हवेलीही तेव्हा अधिकृतपणे संघराज्यात नव्हती.

आता ६ डिसेंबर. बाबासाहेबांचं निधन दिल्लीत २६, अलीपूर रोड या निवासस्थानी झोपेत झालं, ५ आणि ६ डिसेंबरच्या मधल्या रात्री. सकाळी ते लक्षात आलं. मान्य तारीख ६ डिसेंबर आहे, तीच द्या, आणि जागा असेल तर ‘पहाटे, झोपेत’ हे दोन शब्द घाला. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं आणि ७ ला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. ७ची नोंद वेगळी करू नका, त्याच नोंदीत दुसरं वाक्य म्हणून येऊ द्या. मृत्यूच्या वेळी ते राज्यसभेचे सदस्य होते, हेही बहुतेक फलकांवर राहून जातं.

तिथी आणि तारीख यांचीही गल्लत होते. १९५६ साली विजयादशमी १४ ऑक्टोबरला होती. धम्मदीक्षेचा सोहळा दरवर्षी अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला होतो, त्यामुळे चालू वर्षाची दसऱ्याची तारीख १९५६वर चिकटवलेली पाहायला मिळते. २४ मेच्या बुद्धपौर्णिमेचंही तसंच. २५००वी बुद्धजयंती ही नोंद मेच्या फलकावर जरूर घ्या. ऑक्टोबरच्या फलकाला तिच्यामुळे संदर्भ मिळतो.

अंक चाळणारा

हुतात्म्यांच्या आकड्याबद्दल कुणीच हात घातला नाही, म्हणून लिहितो.

१०५, १०६ आणि १०७ हे तिन्ही आकडे छापील मजकुरात आहेत, कारण यादीत नंतर भर पडत गेली. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. हा संपूर्ण चळवळीचा एकूण आकडा आहे, एका महिन्याचा नव्हे. त्यात २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळच्या गोळीबारात गेलेले आहेत, जानेवारी १९५६ मधले आहेत आणि त्यानंतरचेही आहेत. जानेवारीच्या फलकावर ‘१०५ हुतात्मे’ लिहिलंत तर नोव्हेंबर १९५५चे हुतात्मे तुम्ही दोन महिने पुढे आणलेत. जानेवारीत एवढंच लिहा: १६ जानेवारीला नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला, मुंबईत आठवडाभर उद्रेक आणि पोलिसांचा गोळीबार. एकूण संख्या द्यायचीच असेल तर ती शेवटच्या फलकाखाली, ‘संपूर्ण लढ्यात’ असं म्हणून.

त्याच्या पुढची साखळी तोडू नका. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना. जुलैत चिंतामणराव देशमुख अर्थमंत्रिपदावरून बाहेर. ऑगस्टच्या सुरुवातीला द्विभाषिकाचा तोडगा, आणि त्यावर ८ ऑगस्टला अहमदाबादेत गोळीबार, वेगळ्या गुजरात राज्यासाठीच्या महागुजरात आंदोलनाला तोंड फुटलं. आपल्याकडच्या प्रदर्शनांत अहमदाबाद गाळलं जातं. देशपातळीवरचं वर्ष मांडताय तर ते हवंच. मग १ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण द्विभाषिकाचे मुख्यमंत्री.

देशमुखांच्या राजीनाम्याचे दोन महिने छापलेले दिसतील, त्याचं कारण सोपं आहे: पत्र जानेवारीतलं, प्रत्यक्ष पायउतार होणं आणि लोकसभेतलं निवेदन जुलैतलं. म्हणजे १९ जानेवारीला आकाशवाणीवरून विमा कंपन्यांचा ताबा जाहीर करणारे अर्थमंत्री त्याच महिन्यात मुंबईच्या प्रश्नावर पद सोडायला निघाले होते. जानेवारीच्या फलकावर या दोन नोंदी शेजारी लावल्या तर वाचक थांबून वाचेल.

वर्तमानपत्रांच्या कात्रणांबाबत सावध राहा. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ दैनिक म्हणून सुरू झाला १५ नोव्हेंबर १९५६ ला. जानेवारीच्या गोळीबाराखाली ‘मराठा’चं कात्रण लावलं तर ते नंतरच्या आठवणींचं आहे. ‘महाराष्ट्र टाइम्स’ तर १९६२ साली निघाला. ‘लोकसत्ता’ १९४८चा, तो चालेल. अंकावरची तारीख घटनेची समजायची नाही, दिवसभरातली घटना दुसऱ्या दिवशीच्या अंकात येते. बातमीच्या सुरुवातीला गावाच्या नावापुढे जी तारीख असते ती बघायची, आणि ‘काल’, ‘परवा’ हे शब्द त्या तारखेपासून मोजायचे.

जुना नकाशा

‘अंक चाळणारा’ यांच्याशी एका बाबतीत असहमत. हुतात्म्यांचा आकडा तळटीपेत ढकलणं मला पटत नाही. जानेवारीच्याच फलकावर वेगळ्या चौकटीत ‘नोव्हेंबर १९५५ पासूनच्या लढ्यात एकूण’ असं लिहून द्यावा. लोक तो आकडा तिथेच शोधणार.

अंक चाळणारा

‘नोव्हेंबर १९५५ पासून’ हे शब्द अक्षरांच्या त्याच आकारात असतील तर हरकत नाही. बारीक टाइपात गेले तर फोटो काढणाऱ्याच्या फोटोत ते येत नाहीत आणि पुढे फक्त आकडा फिरत राहतो.

तिसरा पंच

खेळाची एकही नोंद नाही यादीत! डिसेंबरात मेलबर्न ऑलिम्पिक आहे. हॉकीत पाकिस्तानला १-० हरवून सलग सहावं सुवर्ण, गोल रणधीरसिंग जेंटल यांचा, पूर्ण स्पर्धेत भारतावर एकही गोल नाही. अंतिम सामना ६ डिसेंबरलाच झाला. फलकाची मांडणी करताना हे आधीच ध्यानात घ्या. एकाच तारखेखाली महापरिनिर्वाण आणि सुवर्णपदक सलग ओळींत बरं दिसत नाही. निधनं खालच्या पट्टीत आहेत हे चांगलंच, पण बाबासाहेबांची नोंद पट्टीत न कोंबता तिला स्वतंत्र चौकट द्या आणि हॉकी वर घटनांमध्ये राहू द्या.

१ डिसेंबरला फुटबॉलमध्ये नेव्हिल डिसूझा यांची ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक, ४-२, मग शेवटी चौथं स्थान. ‘कांस्य मिळवलं’ असं कुठे वाचलंत तर ते चूक, बल्गेरियाकडून ०-३ हरलो.

जानेवारीत मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध विनू मांकड आणि पंकज रॉय यांची ४१३ धावांची सलामी. मांकड २३१, रॉय १७३. हा विक्रम २००८ पर्यंत टिकला. मालिका ‘१९५५-५६’ची म्हणून ही भागीदारी १९५५च्या यादीत जाते. कसोटी ६ जानेवारीला सुरू झाली, तेव्हा ती तुमच्याच वर्षाची.

फलकलेखक

अंमलाची तारीख मुख्य, राज्याचं नाव त्या दिवशीचं, वय पूर्ण झालेलं, असं ठरवून सगळ्या नोंदी पुन्हा लावतोय. बाबासाहेबांना स्वतंत्र चौकट, हुतात्म्यांचा आकडा जानेवारीत पण ‘नोव्हेंबर १९५५ पासून’ त्याच टाइपात. जानेवारीत आता ७ नोंदी होताहेत, एक काढावी लागेल. कंपनी कायदा तसाही एप्रिलला गेला. उरलेल्यांपैकी कुठली?

राजपत्र वाचक

कुठलीच काढू नका. सप्टेंबरला दोनच नोंदी आहेत, तिथला रिकामा भाग आयुर्विम्याला द्या. जानेवारीचा अध्यादेश एका ओळीवर आणा आणि ती ओळ देशमुखांच्या नोंदीतच जोडा. सहा होतील.